साभार : इंटरनेट

माझं स्वतःचं वाक्य मी पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते मेहकरच्या बसस्टँडसमोर, एका झेरॉक्सच्या दुकानात. अकरावीच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला गेले होते. मशीन गरम व्हायची वाट पाहत उभी असताना काउंटरवर गुळगुळीत कागदाची एक पातळ पुस्तिका पडलेली दिसली. मुखपृष्ठावर फुटलेलं पांढरं बोंड आणि त्याच्या वर, बोंडापेक्षा मोठा, एका गृहस्थांचा फोटो. खांद्यावर उपरणं, कपाळावर गंध, हाताची घडी. फोटोखाली 'लेखक व संशोधक'.

कापसावरची पुस्तिका म्हणून मी सहज मधलं पान उघडलं. त्यावर होतं : 'फूल उमलायचं विसरलं आणि पाकळ्या चुरगळून आत वळल्या, की समजावं, अळी घरात शिरली.'

हे वाक्य माझं होतं. गुलाबी बोंडअळी लागलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात, तिची ओळख सांगताना नेटवरच्या एका लेखात ते मी लिहिलं होतं, आणि त्यातल्या 'घरात शिरली'साठी भांडलेही होते. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. परिच्छेदामागून परिच्छेद आमचेच, आम्ही काही जणांनी मिळून लिहिलेल्या त्या लेखातले. उपशीर्षकं तीच, उदाहरणं तीच. एके ठिकाणी माझ्या हातून 'सापळे' दोनदा पडलं होतं, तर इथेही सापळे दोनदा. शेवटी आतलं मुखपृष्ठ उघडलं. तिथे लिहिलं होतं, सर्व हक्क लेखकाधीन, लेखी परवानगीशिवाय मजकूर कुठेही वापरल्यास कायदेशीर कारवाई केली जाईल.

आपलं उष्टं ताट कुणी तरी कडेनं पुसून, वर कोथिंबीर भुरभुरून, आपल्यालाच आग्रहानं वाढावं, तसं वाटलं. दुकानदारानं प्रश्नपत्रिका हातात दिल्या आणि पुस्तिका मी न मागता वर ठेवली. म्हणाला, न्या मॅडम, फुकट आहे, खताच्या दुकानातून गठ्ठा ठेवून गेलेत.

मी मेहकरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माहेर लोणारच्या रस्त्यावरचं एक खेडं. बीटी बियाणं गावात आलं तेव्हा मी शिकत होते. पहिली काही वर्षं झाडाला बोंडं मावत नव्हती. लोकांनी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकले. बीटीला अळी लागत नाही, हे वाक्य इतक्या वेळा इतक्या तोंडून ऐकलं, की त्याच्यावर शंका घेणारा माणूस खुळा ठरायचा. मग काही वर्षांनी हिरवंगार बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघू लागली. बाहेरून साजरं, आतून सडकं. वेचणीला गेलेल्या बाया कवडी झालेला, पिवळा पडून घट्ट चिकटलेला कापूस चिमटीत धरून नाक मुरडायच्या. व्यापारी ढिगात हात घालून मूठभर कापूस काढायचा, बघायचा आणि न बोलता परत टाकायचा. हा अबोला शिवीपेक्षा वाईट.

वर्गातली पोरं विचारायची, बीटी फसलं म्हणजे नक्की काय झालं? इंग्रजीत पुष्कळ होतं. मराठीत शोधलं, तर त्या सगळ्यांनी मिळून लिहायच्या मुक्त ज्ञानकोशात कापसावर चारदोन ओळी, त्याही 'कापूस हे एक नगदी पीक आहे' अशा. मी लिहायला बसले. तिथे खरं नाव द्यावं लागत नाही, टोपणनाव चालतं. मी 'पऱ्हाटी' घेतलं. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात.

काही आठवड्यांनी माझ्या लेखात एक परिच्छेद येऊन बसला. बियाण्याच्या पाकिटात बिगर-बीटीची एक छोटी पुडी असते, ती शेताच्या कडेनं पेरायची असते, म्हणजे अळीला तिकडे आसरा मिळतो आणि ती बीटीला लवकर सरावत नाही. पण लोक ती पुडी फेकून देतात आणि दुकानदारही त्यांना सांगत नाही, असं त्यात होतं. भाषा साधी, वाक्यं तुटक, आणि एकही शब्द फुकट नव्हता. लिहिणाऱ्याचं नाव 'सरकी'. पुढे फवारणीत घ्यायची काळजी हा सगळा भाग सरकीनं लिहिला. दोन औषधं एका पंपात मिसळू नका, झाड डोक्याएवढं झालं असेल तर फवारू नका, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका. लेखाच्या चर्चापानावर बोलता बोलता कळलं, की सरकी लोणारचा आहे. पुण्याचा एक जण ह्रस्व-दीर्घ दुरुस्त करायला यायचा. त्यानं माझी पऱ्हाटी खोडून 'कपाशीचे झाड' केलं. मी परत पऱ्हाटी केलं. शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं. 'अळी घरात शिरली' त्याला ललित वाटत होतं, पण त्यावर मी हटले नाही. असे आणखीही काही जण होते. कुणी फोटो दिला, कुणी एखादा आकडा दुरुस्त केला.

या ज्ञानकोशाचा परवाना मोकळा आहे. मजकूर कुणीही घ्यावा, छापावा, बदलावा, विकावासुद्धा. त्या बदल्यात इतकंच मागितलेलं असतं, की लिहिणाऱ्यांचा उल्लेख करा, तुम्ही काय बदललं ते सांगा, आणि तुमच्याकडून पुढे कुणी घेतलं तर त्यालाही हीच मोकळीक ठेवा. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल राहतो, कुणी, कधी, काय घातलं, काय काढलं. त्यामुळे एखाद्या ओळीबद्दल शंका आली तर ती लिहिणाऱ्याला गाठून विचारता येतं, बाबा, हे तू कशावरून म्हणतोस? मला त्यातलं हे विचारता येणं फार आवडायचं. आमच्या भागात शेतीबद्दल जो तो सांगतो आणि विचारायला गेलं की कुणीच सांगितलेलं नसतं.

त्या दिवशी घरी येऊन मी पुस्तिका ओळीनं वाचली. नावं गेली होती, त्याची चीड होतीच. पण शेवटाकडे येता येता हात थांबला. सरकीनं लिहिलेला काळजीचा भाग नव्हता. त्या जागी एका टॉनिकची पानभर जाहिरात होती. आणि अळीच्या प्रकरणात एक नवीन ओळ घुसली होती : 'प्रादुर्भाव जास्त असल्यास दोन औषधे व टॉनिक एकाच पंपात मिसळून फवारावे.' आमच्या वाक्यांच्या रांगेत ती ओळ अशी बेमालूम उभी होती, की माहीत नसणाऱ्याला ती आमचीच वाटावी. सुरुवातीला तालुक्याच्या एका शेती अधिकाऱ्यांची फोटोसकट प्रस्तावना, त्यात 'लेखकाच्या अथक संशोधनाचे फलित' वगैरे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर लेखकाकडे गेले. बाजारात खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं सल्ला केंद्र होतं. माणूस अगदी आदबशीर. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. मी आधी ती मिसळायची ओळ दाखवली, काळजीचा भाग गाळल्याचंही सांगितलं. म्हटलं, हे धोक्याचं आहे, फवारणीचे दिवस आहेत, पुस्तिका परत घ्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, प्रेसवाल्यानं पानाची अडचण सांगितली म्हणून तो भाग राहून गेला, पुढच्या आवृत्तीत घेऊ. मिसळायच्या ओळीबद्दल म्हणाले, लोक तसंच करतात मॅडम, आपण नाही सांगितलं म्हणून राहतात का.

मग मी लेखाचा विषय काढला. त्यांनी नाकारलं नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

"नेटवरचं पाणी हाय ते, मॅडम," ते म्हणाले. "ज्याचा गडवा मोठा, त्यानं भरून न्यावं."

मी परवाना समजावून सांगितला. ते ऐकत होते, लहान मुलाची कविता ऐकावी तसे. मग हसून म्हणाले, "अन् नाव कोनाचं टाकू? पऱ्हाटी? सरकी? उद्या म्हनसान ढेप टाका. लोकं हासतीन मले."

सरकी म्हणजे कोण, हेही त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. त्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि तोडगा काढला. पुढच्या आवृत्तीवर सहलेखिका म्हणून माझं एकटीचं नाव, खरं नाव, फोटोसह. बाकीचे काय, म्हणाले, ते तर दिसतही नाहीत. आपण एकाच गावचे. चहाचा घोट माझ्या तोंडातच राहिला होता. तो गिळायलाही नको वाटत होता आणि त्यांच्यासमोर थुंकताही येत नव्हता. मी नाही म्हणून उठले, तर जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि वरून म्हणाले, विचार करा, घाई नाही.

रविवारी बसनं लोणारला गेले. सरकीला तोवर मी पाहिलं नव्हतं, पत्ता तेवढा त्यांनी मला खासगी निरोपात कळवला होता. सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, आजोबांपासूनचं. चाळिशीचे गृहस्थ, मुसलमान, पांढरा कुर्ता, कानाला पेन्सिल खोचलेली. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी बाकावर बसले. सरोवर बघायला आलेली शहरातली माणसं मधूनच थंड पाण्याची बाटली मागायला येत आणि ते त्यांना न चिडता पुढच्या दुकानाकडे बोट दाखवत. काउंटरवर त्याच पुस्तिकेचा गठ्ठा होता. गिऱ्हाइकाला औषधाच्या बाटलीसोबत त्यांनी एक पुस्तिकाही दिली. मी पुढे होऊन त्या माणसाच्या हातातून ती मागून घेतली.

गिऱ्हाईक गेल्यावर मी कोण ते सांगितलं. ते इतके खूश झाले, की गठ्ठ्यातली एक प्रत उघडून मलाच दाखवू लागले. पाहा, आपलं छापून आलं. त्या पुडीचा परिच्छेद त्यांनी बोटानं गिरवला. आपलं लिहिलेलं कागदावर बघून हरखलेला माणूस पुढची पानं उलटतच नाही. मी शेवटची पानं उघडून दिली. त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग सगळा गठ्ठा उचलून काउंटरच्या खाली पायाशी टाकला. त्यांच्या मागच्या फळीवर त्याच औषधांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यांना ते दिसत होतं आणि मलाही दिसत होतं.

ते सांगत गेले, की टोपणनाव का घेतलं. बियाणं आणि औषधं विकणं हा धंदा. पुडी पेरा, फवारण्या कमी करा, मिसळू नका, हे मीच लिहितो असं कळलं, तर कंपन्यांची माणसं माल बंद करतील. घरीही कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, मग तुमचं नाव छापा असा आग्रह मी धरू का नको?

"माहं नाव कुठंच नको," ते म्हणाले. "पन सरकी हे नाव लिहेलच पाहिजे. दुकानात बसून जे मले बोलता येत नाही, ते सरकी बोलते. ते खोडलं त माह्याजवळ काय राह्यलं?"

मी परत निघाले तेव्हा ते दुकानातून बाहेर येऊन बसथांब्यापर्यंत सोबत चालले. त्यांच्याकडून नेलेल्या प्रती ते गिऱ्हाइकांना फोन करून परत मागवणार होते. मागवल्याही, जमेल तेवढ्या.

त्याच आठवड्यात माझा चुलतभाऊ शेतात पडला. मेहकरच्या बाजारातून औषधासोबत त्याला ती पुस्तिका मिळाली होती, हे मला माहीत नव्हतं. माझा लेख सुरुवातीचा, सरकीचा भाग यायच्या आधीचा, त्यानं फोनवर वाचला होता. किंबहुना डोमकळीचं ते वाक्य लिहिलं तेव्हा मी ते पहिल्यांदा त्यालाच वाचून दाखवलं होतं. पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली, दुपारची वेळ, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. पंपात पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोन औषधं आणि टॉनिक. दोन-चार तासांत फेऱ्या मारता मारता त्याच्या डोळ्यांपुढे धूर आला, घामानं कपडे भिजले, उलट्या सुरू झाल्या. वहिनीनं आणि गड्यानं त्याला मोटारसायकलवर मधे धरून मेहकरला आणलं, तिथून अकोल्याला नेलं. मी पोचले तेव्हा तो हात झाडत होता आणि त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अंगाला येणारा तो वास मी आजही विसरले नाही. लसूण सडावा तसा. वहिनी पुन्हा पुन्हा त्याचं अंग पुसत होती आणि वास जात नव्हता.

वाचला तो. तो शुद्धीवर आला तेव्हा मी जवळ बसले होते. आवाज ओळखून त्यानं मान वळवली, नीट दिसत नव्हतं.

"ताई, त्या पुस्तकात तुहंच लिहेल होतं ना?" तो म्हणाला. "मी ओळखलं. घरात शिरली, ते. म्हनून बाकीचंबी मी खरं धरलं."

मी उठले. बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. माझं नाव काढून टाकलं होतं, पण माझ्यावरचा त्याचा विश्वास त्या पानात तसाच राहिला होता आणि त्याच्यावर दुसऱ्या कुणी तरी आपलं विष लावून दिलं होतं. किळस या शब्दाचा अर्थ मला तिथे त्या फिनेल मारलेल्या व्हरांड्यात कळला. चोरीची चीड येते. ही चीड नव्हती. आंघोळ करावीशी वाटत होती.

त्या हंगामात फवारताना बाधा झालेली माणसं आसपासच्या गावांतही निघाली. तालुक्याला शेतकरी आणि दुकानदारांची सभा बोलावली गेली. सभागृह भरलेलं. मंचावर तेच प्रस्तावना लिहिणारे अधिकारी, त्यांच्या शेजारी मार्गदर्शक म्हणून आमचे लेखक. माझे काका, म्हणजे चुलतभावाचे वडील, पुस्तिका हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, हे कोणी लिहिलं?

लेखक शांतपणे उठले. माइक जवळ घेतला.

"मजकूर माह्या मनचा नाही," ते म्हणाले. "इंटरनेटवरून घेतलेला हाय. अन् लिहिनारं कोन हाय, थेबी सांगतो. पऱ्हाटी नावानं लिहितात. मॅडम इथंच बसेल हायत."

आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. काकांचीही. ज्या माणसाला माझं टोपणनाव छापायची लाज वाटत होती, त्याला दोष वाटून द्यायची वेळ आली तशी ते अचूक आठवलं. श्रेय त्याचं आणि पाप आमचं, अशी ती वाटणी होती. मला आठवतं, की त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूणसुद्धा नव्हती. मंचावरच्या फुलांची पाकळी त्यांच्या बाहीवर पडली होती, ती त्यांनी बोलता बोलता टिचकीनं उडवली.

मी पुढे गेले. अधिकाऱ्यांना म्हटलं, तुमच्या संगणकावर ते पान उघडा. योजनांची चित्रं दाखवायला भिंतीवर पडदा होताच, त्यावर पान आलं. मी इतिहास उघडला आणि लेख सुरू झाल्यापासूनचा एकेक बदल दाखवत गेले. ही ओळ पऱ्हाटीची, ही सरकीची, हे शुद्धलेखन पुण्याच्या माणसाचं. दोन औषधं मिसळायची ओळ कुठल्याच आवृत्तीत नव्हती. मिसळू नका हे मात्र होतं, ठळक अक्षरात, आणि पुस्तिका निघायच्या कितीतरी आधीपासून. काकांना इंग्रजी येत नाही, पण तारखा आणि मराठी वाचता येतं. ते पडद्याजवळ जाऊन वाचत उभे राहिले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे सरकी कोण? दुकानदारांच्या रांगेत लोणारचे ते बसले होते. मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होते. मी म्हटलं, त्यांना त्या पानावर विचारता येतं, ते उत्तर देतात. त्यांनी उठावं असं मला वाटत होतं का? वाटत होतं. त्यांच्या गप्प बसण्याचीही मला त्या क्षणी शिसारी आली, आणि त्यांना उठवून त्यांची रोजी घालवायला निघालेल्या माझ्या मनाचीही.

लेखक म्हणाले, टंकलेखकाची चूक झाली असेल. अधिकारी म्हणाले, चौकशी करू. मग सगळ्यांना चहा आणि बिस्किटं वाटली. मी दारातून निघत होते तर लेखक बिस्कीट हातात धरून जवळ आले.

"राग नोका धरू, मॅडम," ते म्हणाले. "आता तुमचं नाव झालं ना सगळ्याईत."

पुढे काय व्हायला पाहिजे होतं, ते पुण्याच्या माणसानं चर्चापानावर सविस्तर लिहिलं. अटी मोडल्या की परवाना संपतो, तेव्हा कायदेशीर नोटीस द्यावी. पण नोटीस टोपणनावानं देता येत नाही. खऱ्या नावानं पुढे यायला मी एकटीच तयार होते. मी दिली. उत्तर आलं नाही. तेवढ्यात चर्चापानावर आमच्यातच जुंपली. कधी काळी एक स्वल्पविराम घालून गेलेला एक जण म्हणू लागला, की श्रेयनामावलीत आपलं नाव अक्षरानुक्रमे पहिलं येतं. आणखी कुणी विचारलं, भरपाई मिळाली तर ती कशी वाटणार? माझा भाऊ दवाखान्यातून नुकताच घरी आला होता आणि भिंत चाचपत चालत होता. मी काही दिवस ते पान उघडलंच नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. शेगावला एका लॉजच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं. आमच्या कॉलेजातल्या एक बाई दर्शनाला गेल्या होत्या, त्यांनी प्रसादासोबत मला एक प्रत आणून दिली. मिसळायची ओळ काढली होती. काळजीचा भाग परत आला होता, सरकीच्याच शब्दांत, काना-मात्रेचा फरक न करता. सर्व हक्क लेखकाधीन तसेच. फक्त मलपृष्ठावर, मुद्रकाच्या पत्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन शब्द होते : साभार, इंटरनेट. आभार मानावेत आणि ज्याचे मानायचे त्याचं तोंडही दिसू नये, अशी ती सोय होती. प्रसाद मी बाजूला काढला आणि प्रत प्रयोगशाळेतल्या बेसिनखाली ठेवून दिली. घरी न्यावीशी वाटली नाही.

त्यानंतर लोणारहून फोन आला. सभेत न उठल्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. ते म्हणाले, परवाना आपल्यालाही लागू आहे, आपणही छापू शकतो. त्यांच्या ओळखीचा एक लग्नपत्रिका छापणारा होता. आम्ही लेखातला कामाचा भाग निवडून चार पानांचं पत्रक केलं. शेवटच्या पानावर सगळी नावं घातली, स्वल्पविरामवाल्याचंही, आणि मूळ लेखातलं काय गाळलं, काय थोडक्यात घेतलं, ते लिहिलं. हे कुणीही छापावं, पण नावं ठेवावीत, असंही लिहिलं. लग्नपत्रिकावाल्यानं ती नावं जुळवताना दोनदा डोकं वर काढून विचारलं, ही माणसंच आहेत ना? लोणारचे ते बियाण्याच्या प्रत्येक पाकिटासोबत पत्रक द्यायचे आणि पाकिटातली छोटी पुडी काढून गिऱ्हाइकाच्या हातावर वेगळी ठेवायचे. कुणी विचारलं, की सरकी कोण, तर म्हणायचे, असंल कोनी भला मानूस.

माझ्या भावाच्या डोळ्यांपुढचा धूर पुरता गेला नाही. एका डोळ्यानं त्याला कडा दिसतात, अक्षर दिसत नाही. त्यानं कपाशी सोडली, सोयाबीन घेतो, फवारणीला जात नाही. मी गेले की तो वहिनीकडून काही तरी छापील आणवून माझ्याकडून वाचून घेतो, आणि वाचायच्या आधी हमखास विचारतो, हे कोनाचं लिहेल हाय? मी नाव सांगते. नसेल तर नाही म्हणून सांगते, मग तो म्हणतो, राहू दे.

गेल्या हंगामात कॉलेजच्या मोबाइल गटावर प्राचार्यांनी एक फाइल पाठवली, शेतकरी बांधवांसाठी उपयुक्त माहिती म्हणून. उघडली, तर आमचं पत्रक. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथं पान, ज्याच्यावर नावं होती, ते कापलेलं, आणि पहिल्या पानाच्या वरच्या मोकळ्या जागेत कुठल्याशा भावी जिल्हा परिषद सदस्याचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. गटातल्या अर्ध्या लोकांनी तोवर खूप छान, खूप छान लिहून टाकलं होतं.

मी स्टाफरूममध्ये बसून त्या फाइलखाली सगळी नावं एकाखाली एक टाइप केली. पुढे लिहिलं, हे यांनी लिहिलंय, फोटोतल्या गृहस्थांचा संबंध नाही. थोड्या वेळानं कुणी तरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कुणी विचारलं, ही कसली नावं? त्याला उत्तर लिहीत असतानाच घंटा झाली. बारावीचा तास होता. फोन पर्समध्ये टाकला आणि खडू घेऊन गेले.